स्वस्त गाडीची खोड

माझा धंदा दलालीचा. आधी बैलांची केली, मग बैल कमी झाले तसा जुन्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टरांकडं वळलो. आमच्या डोंगरकडा गावाच्या आसपास कुणाला गाडी घ्यायची झाली की तो आधी माझ्या ओसरीवर यायचा. मी सोबत गेल्याशिवाय सौदा व्हायचा न्हाई. फुशारकी मारत न्हाई, विचारा कुणालाबी. आता कुणी विचारत न्हाई, ती गोष्ट वेगळी. पोरं मोबाईलवरच गाडी बघतात, मोबाईलवरच भाव बघतात अन् घेऊनच येतात. मला पेढा तेवढा देतात. मीबी गाडीला एक चक्कर मारतो अन् "झ्याक हाय" म्हणतो.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. एकच लेक, ती पुण्याला नोकरी करून राहिली, नवरा अन् लेकरू घेऊन. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, पाऊस हाय का. तीन प्रश्नांत फोन संपायचा. मग पुढच्या रविवारपर्यंत घरात बोलणारं कोण, तर टीव्ही अन् कुकर. कुकर एकदा लावला की मला दोन दिवस पुरतो. एकट्यासाठी भाजी चिरायचा माणसाला इतका कंटाळा येतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मागच्या उन्हाळ्यात नातवाचा वाढदिवस म्हणून पुण्याला गेलो. दुसऱ्याच दिवशी लेक म्हणाली, "बाबा, गाडी घ्यायची हाय. पण तुमी बघितल्याशिवाय घेणार न्हाई." काय सांगू, छाती अशी फुगली माझी! कडक इस्त्रीचं धोतर काढलं, खांद्यावर उपरणं टाकलं अन् तिच्यासोबत शोरूमला निघालो.

गाडी होती बाहेरच्या देशातल्या कंपनीची, बॅटरीवर चालणारी. दिसायला देखणी. अन् भाव? त्याच मापाच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी. माझे कान तिथंच टवकारले. बाजारात देखणा बैल कमी भावात सुटत असला की मी आधी त्याला जुंपून बघायचो. बहुतेक वेळा तो बसका निघायचा, चार पावलं चालून मातीत बसणारा. म्हणलं, हिच्यातबी खोड असणार, आपण काढू.

टायरला लाथ मारली. बोनेटवर कान ठेवला. आवाजच न्हाई. मी गाडी दाखवणाऱ्या पोरीला म्हणलं, "माय, आधी चालू तर कर." ती म्हणाली, "काका, चालूच आहे." लेक खाली मान घालून हसून राहिली.

"मला एवढंच सांग," मी म्हणलं, "एवढी स्वस्त काहून?"

पोरगी हुशार होती. मला बसवून, पाणी देऊन तिनं नीट समजावलं. गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी. दुसऱ्या कंपन्या ती विकत घेतात, ही कंपनी स्वतः बनवते. मोटर घरची, समोरचा तो टीव्हीसारखा पडदा घरचा, गाड्या वाहून नेणारी जहाजंसुद्धा घरची. त्यांच्या देशात गिऱ्हाईक अफाट, म्हणून एका साच्यातून ढिगानं गाड्या निघतात अन् प्रत्येकीवर खर्च थोडा बसतो. तिथल्या सरकारनंबी वर्षानुवर्षं हात दिलेला. अख्खी गाडी आपल्याकडं आणली तर कर जबर लागतो, म्हणून सुटे भाग आणून इथं जोडतात. "थोडक्यात काय काका," ती म्हणाली, "मधे कुणी नाही. जो तो मधला माणूस आपला हिस्सा काढतो ना, तो माणूसच त्यांनी काढून टाकलाय."

मी म्हणलं, "बराबर हाय." दुसरं काय म्हणणार? जन्मभर मी मधलाच माणूस होतो. तिचा बिचारीचा काही दोष न्हाई, पण मला ते लागलं.

तरी लेकीसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. तिथला मॅनेजर आला तसं मी त्याला बाजूला घेतलं, उपरणं हातावर टाकलं अन् हात पुढं केला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा अन् बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांत कुणाचा भाव उघडा पडत न्हाई. मी त्याची दोन बोटं दाबली. त्यानं माझा अख्खा हात धरून गदागदा हलवला अन् ओरडला, "अभिनंदन काका!" कुणीतरी हार आणला, कुणी टाळ्या वाजवल्या, फोटो काढायला माणूस धावत आला. सौदा झाला न्हाई हे सांगेपर्यंत हार गळ्यात पडलेला. लेक पोट धरून हसली. तिची आई गेल्यापासून तिला मी असं हसताना बघितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी म्हणलं, "घाई करू नको. मी विचार करून सांगतो."

अन् गावी आल्यावर एक नवल झालं. तिचा फोन रोज यायला लागला. संध्याकाळी साडेसातला, नेमानं. "बाबा, मग काय म्हणता गाडीचं?" मी एक शंका काढायचो. पावसात करंट लागला तर? दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन यायची, की बाबा, पाण्यात उभी करून तपासतात. मग मी दुसरी काढायचो. बॅटरी बसली तर? त्या देशाशी आपलं बिनसलं तर सामान कुठून आणायचं? गाडीची गोष्ट झाली की ती लेकराचं सांगायची, हापिसातल्या बाईचं सांगायची, आईच्या हातच्या तिखट आमटीचं विचारायची. अर्धा अर्धा तास. मी दुपारी कॅलेंडरच्या मागं उद्याची शंका लिहून ठेवायचो, इसरायला नको म्हणून.

खरं सांगतो, महिनाभरात माझ्या सगळ्या शंका फिटल्या होत्या. गाडीत खोड नव्हती. खोड माझ्यात होती. दलालाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, सौदा तुटेस्तोवर ताणायचा न्हाई, पण झटक्यात मिटूबी द्यायचा न्हाई. सौदा मिटला की दोन्ही बाजूची माणसं आपापल्या घरी जातात अन् मधल्याला कुणी वळून बघत न्हाई. मला गाडीचं काय पडलं होतं? मला साडेसात वाजायला पाहिजे होते.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, शेवटचं एक. तिकडं वारंगा फाट्यावर चार्जिंगची सोय हाय का? जरा बघून सांगता?"

वारंगा फाटा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा. फटफटीवर टांग टाकली की आलाच. पण मी जागचा हललो न्हाई. पटकन म्हणून गेलो, "इथं कुठलं आलंय ते! न्हाई काही." माझ्या मनात आलं, ही मोठी अडचण सापडली, हिच्यावर आठ-दहा दिवस निघतील.

ती एवढंच म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी साडेसात झाले, आठ झाले. फोन आला न्हाई. तिसऱ्या दिवशीबी न्हाई. रविवारी आला, तेच तीन प्रश्न. मी आपणहून गाडीचं काढलं तर म्हणाली, "राहू द्या ते, बाबा." पुढं पुढं एखादा रविवारबी हुकायला लागला. मी कॅलेंडरची पानं उलटून जुन्या शंका वाचत बसायचो. येडा माणूस!

परवा एका सोयऱ्याला बसमधे बसवून द्यायला वारंगा फाट्यावर गेलो. तो गेल्यावर चहा घ्यायला ढाब्यावर वळलो, तर बाजूला एक गाडी वायर लावून उभी. आत कुणाचं तरी लेकरू मागच्या सीटवर झोपलेलं, आई-बाप शेजारी खाटेवर जेवत होते. ढाबेवाल्याला विचारलं, "हे कधी बसवलं रे?" तो म्हणाला, "दीड वर्ष झालं की काका. तुमाला ठाऊक न्हाई?"

चहा तसाच ठेवला अन् तिथूनच लेकीला फोन लावला. म्हणलं, "माय, चुकलं माझं. वारंग्याला चार्जर हाय. दीड वर्षापासून हाय. मी बघितलंच नव्हतं."

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "फोनवर दिसतात सगळे, कुठं कोणता हाय ते."

"मग मला काहून विचारलंस?"

ती म्हणाली, "लेकराला बसमधे उलट्या होतात, म्हणून गाडी घ्यायची होती. दोन महिन्याला एकदा तरी तुमच्याकडं येता आलं असतं. मला वाटलं, तुमी म्हणाल, हाय की सोय, ये तू. तुमी न बघताच न्हाई म्हणलात. त्याच्या आधीच्या दिवाळीत आमी आलो तवा लेकरानं रडून तुमाला झोपू दिलं नव्हतं ना... मला वाटलं, आमची तकलीफ होते तुमाला."

जन्मभर बोलण्यावर पोट भरलं, पण तिथं काही झाकलं न्हाई. म्हणलं, "तुझा फोन बंद होईल म्हणून न्हाई म्हणलो गं. दुसरं काही नव्हतं. तुझ्या गळ्याची आन."

पलीकडं ती रडत होती की काय, गाड्यांच्या आवाजात कळलं न्हाई. मग हळू म्हणाली, "आमी घेतली बाबा एक. पेट्रोलची, जुनी, लहानी. मागच्या महिन्यात. हापिसापुरती हाय. एवढ्या लांब न्हाई यायची ती."

जुनी गाडी. अन् मला न दाखवता.

"मग बसनं ये," मी म्हणलं. "मी पहाटंच येऊन फाट्यावर थांबतो. लेकराला रडू दे रातभर. ये तू."

"बघते, बाबा," ती म्हणाली.

बाजारात गिऱ्हाईक "बघतो" म्हणून निघालं की मी त्याच्या मागं मागं पार रस्त्यापर्यंत चालत जायचो. पुण्यापर्यंत कसं जाऊ?