कानसेनची दिव्यांची पट्टी

स्पीकर दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला अख्खी गल्ली कानसेन म्हणायची. स्पीकरला नुसती टिचकी मारली तरी आतला कुठला पडदा फाटलाय ते हा सांगणार. दुकान त्या कानांवरच चालायचं. आणि साठी ओलांडल्यावर नेमके तेच कान संपावर गेले.

आता हे सांगायचं कुणाला? बहिऱ्या माणसाकडे स्पीकर कोण आणून देणार? दुकानाला टाळंच लागलं असतं. तेव्हा कानसेनने ब्र काढला नाही. गुपचूप एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला. अंगठ्याच्या नखाएवढा बोर्ड, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा माईक. दिव्यांची पट्टी जोडली की जसा आवाज तसे दिवे पेटायचे, आणि पट्टीतल्या एकेका दिव्याला वेगळा रंग देता यायचा. कानसेनने चार दिवस खटपट करून रंग ठरवले. जाड आवाज निळा, बारीक आवाज हिरवा, आणि कुणी आवाज चढवला की लाल. पट्टी कामाच्या टेबलाच्या कडेला चिकटवली आणि बायकोला सांगितलं, "जरा शोभेला."

निळं दिसलं की गिऱ्हाईक आलं म्हणायचं आणि मान वर करायची. लाल दिसलं की "चुकलं माझं" म्हणून मोकळं व्हायचं. हिरवं म्हणजे बायको. तिच्यासाठी एकच उत्तर, "हो हो, बरोबर आहे तुझं." स्पीकर तपासायचे तेही पट्टीवरच. चांगल्या आणि बिघडलेल्या स्पीकरवर एकच गाणं लावायचं आणि दिवे ताडून बघायचे. दोन वर्षं बिनबोभाट गेली. घर दुकानाच्या मागेच होतं. बायको रोज दुपारी चहा घेऊन यायची, त्याच्या उजव्या हाताला स्टुलावर बसायची आणि बोलत राहायची. पस्तीस वर्षांत नवऱ्याने तिचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, "अगं, काय जादू केलीस?" ती नुसती हसायची.

एका दुपारी सभागृहाचा मॅनेजर दोन मोठे स्पीकर घेऊन आला होता. त्याच्या हातात कप देता देता ती लाडिक आवाजात नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. याल ना?"

पट्टी हिरवीगार झाली. "हो हो," कानसेन म्हणाला, "तुझा शब्द कधी मोडलाय मी?"

मॅनेजर पोट धरून हसला. काहीतरी विनोद झाला असावा म्हणून कानसेनही हसला.

दुसऱ्या दिवशी बायको नेईल तिकडे तो निघाला. दवाखान्याच्या पाटीवरचा हातभर कान बघितला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मला न विचारता आणलंस?" तो भडकला. तिने पर्समधून कागद काढला आणि लिहून दाखवलं : 'विचारलं होतं. साक्षीदार आहे.'

बाहेर पडताना तो तसाच दुसरा बोर्ड आणि वीतभर पट्टी खिशात ठेवायचाच. तिच्या जोरावर डॉक्टरच्या डोळ्यांत धूळ फेकता येईल असं त्याला वाटलं. पण डॉक्टरने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, आवाज थेट कानात सोडले आणि खिशातली पट्टी ढिम्म राहिली. व्हायचं तेच झालं. दोन्ही कानांत एकेक यंत्र बसलं.

दोन दिवस कानसेन कानटोपी घालून दुकानात बसला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. "टोपी काढा, मिस्त्री. आम्हाला वर्षभरापासून माहीत आहे. वहिनी दारातच सांगायच्या, जाड आवाजात बोला म्हणून."

"मग तरी माल माझ्याकडे आणता?"

"काम चोख असतं की. शिवाय आवाज चढवला की लगेच चूक कबूल करणारा मिस्त्री आणखी कुठे मिळायचा?"

कानसेनचा जीव भांड्यात पडला. पण बायकोचा रागही आला. हिने वर्षभर आपली मजा बघितली म्हणजे.

दुपारी ती चहा घेऊन आली, स्टुलावर बसली आणि गप्पच राहिली. पट्टी काळी ठिक्कर.

"बोलत का नाहीस?"

"काय बोलू? आता तुम्हाला ऐकू येतं." ती कपाकडे बघत म्हणाली, "मनात येईल ते बोलायचे मी. तुमच्या बहिणीबद्दल, तुमच्या हट्टांबद्दल. तुमच्याशी लग्न झालं नसतं तर काय काय केलं असतं, तेसुद्धा. आणि तुम्ही म्हणायचात, बरोबर आहे तुझं."

कानसेनचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला फार वाईट वाटलं. बायकोने मन मोकळं केलं तेव्हा आपल्याला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि आता ऐकू येतंय तर ती बोलायची नाही. त्याने उजव्या कानातलं यंत्र काढलं, तिला दिसेल असं टेबलावर ठेवलं आणि पट्टीकडे डोळे लावून बसला.

"बोल."

तिने वाकून त्याचा डावा कान बघितला. मग त्याच लाडिक आवाजात म्हणाली, "डाव्या कानातलंही काढा."

"हो हो, बरोबर आहे तुझं," कानसेन सवयीने म्हणाला, आणि ओशाळून त्याने हात डाव्या कानाकडे नेला.