शरदण्णांची तिसरी बोट

चामराजपेटेत शरच्चंद्र कवठेकर कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर कुणी सांगायचं नाही. ‘बोटवाले शरदण्णा’ म्हणा. रिक्षावाला थेट दारात सोडेल आणि वाटेत पहिली बोट कशी बुडाली तेही रंगवून सांगेल.

समुद्रापासून इतक्या लांब, तीन हजार फूट उंचावर राहणाऱ्या माणसाला वाफेची बोट का काढावीशी वाटावी? कारण नोकरीत होतं. एका सरकारी कारखान्यात अण्णांनी चौतीस वर्षं बॉयलर तपासले. तपासले म्हणजे मुख्यतः नापास केले. बॉयलरमध्ये थंड पाणी दाबाने भरायचं, अर्धा तास दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं आणि काटा केसभर जरी खाली आला, तरी खडूने फुली मारून घरी यायचं. त्या फुल्यांपायी त्यांच्या दोन बढत्या हुकल्या. “लोकांचे नवरे घरी फायली आणतात, आमचे खडू आणतात,” असं त्यांच्या पत्नी विमलाक्का शेजारणींना सांगत. पण जन्मभर दुसऱ्यांच्या वाफेत खोट काढलेल्या माणसाला एकदा स्वतःची वाफ करून बघावीशी वाटणारच.

निवृत्त झाल्यावर आठवडाभरात अण्णांनी बंद पडलेल्या एका हॉटेलातला इडलीचा बॉयलर उचलून आणला. त्याखाली निव्वळ करवंट्यांवर पेटणारी भट्टी बसवली. हा त्यांचा खरा शोध. देवळाबाहेरचा नारळवाला करवंट्यांची पोती राखून ठेवू लागला. पहिली बोट चार मिनिटांत बुडाली. दुसरी तरली, चाललीही, पण फक्त स्वतःभोवती. “देवळात फिरली असती तर पुण्य तरी लागलं असतं,” विमलाक्का म्हणाल्या. तिसरी घडवायला घेतली तेव्हा त्यांनी बजावलं, “ही शेवटची. नाही चालली तर भंगारात. आणि हिच्यात मी बसणार नाही, आत्ताच सांगते.”

हे शेवटचं वाक्य अण्णांना लागलं. पहिली उतारू म्हणून त्यांनी मनात विमलाक्कांनाच धरलं होतं.

बनशंकरीपलीकडच्या एका तळ्याच्या रहिवासी समितीने पुष्कळ विनवण्यांनंतर एका रविवारची सकाळ दिली, आठ ते दहा. अण्णांच्या माडीवर राहणाऱ्या, पुण्याहून आलेल्या नंदकिशोरने मराठी मंडळींच्या सगळ्या ग्रुपवर निरोप टाकला. साठेक माणसं जमली. समितीचे अध्यक्ष आप्पाजी घड्याळ बघत उभे राहिले.

बोट टेम्पोतून उतरली. नंदकिशोरने मोबाईल सरसावला. “अण्णा, पेटवा! लाइव्ह जातोय.”

“आधी तपासणी.”

“अहो, कालच केलीत की घरी!”

“बॉयलर जागचा हलला की पुन्हा तपासणी. टेम्पोने किती खड्डे घेतले, मोजलेस?”

अण्णांनी हातपंपाने पाण्याचा दाब चढवला आणि स्टुलावर बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक इडल्या खाऊन मोकळे झाले. विसाव्या मिनिटाला काटा केसभर खाली आला. अण्णा वाकले. खालच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब जमला होता.

बाकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नऊ वाजत आले होते. आत्ता भट्टी पेटवली तर दहाच्या आत एक फेरी सहज झाली असती. चौतीस वर्षं समोरचे इंजिनियर अजिजीने जे म्हणायचे, तेच अण्णांच्या मनात आलं: चालतंय की, साहेब. ते वाक्य आतून किती गोड लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि फुली मारली.

“एका थेंबासाठी?” नंदकिशोर जवळजवळ ओरडलाच.

“पाण्याचा आहे म्हणून थेंब म्हणतोयस. वाफ असती तर बोलायला वेळ मिळाला नसता.”

आप्पाजी जवळ आले. “सरी, ठीक आहे, अण्णा. तुम्ही म्हणता ते बरोबर. पण परवानगी आजच्यापुरतीच, हां.”

“ठाऊक आहे,” अण्णा म्हणाले. गर्दी पांगू लागली. कुणी हसलं, कुणी पाठ थोपटली. पाठ थोपटणाऱ्यापेक्षा अण्णांना हसणारा परवडला.

लांब बाकावर बसलेल्या विमलाक्का उठल्या, पदर खोचत काठाशी आल्या. “वल्ही आहेत ना? बोट पाण्यात ढकला आणि चला.”

नंदकिशोरने बोट ढकलली. विमलाक्का आत जाऊन बसल्यासुद्धा.

“तू बसणार नव्हतीस ना?” अण्णा बघतच राहिले.

“मला बोटीची भीती नव्हती हो. आपली आहे म्हणून तुम्ही डोळेझाक कराल, याची होती. या आता.”

अण्णा वल्हवू लागले. फुली मारलेला बॉयलर दोघांच्या मध्ये गप्प बसला होता. तळ्याच्या मध्यावर आल्यावर विमलाक्कांनी विचारलं, “सांध्याचं काम किती दिवसांचं?”

“पंधरा. पण परवानगी—”

“या वेळी अर्ज मी लिहिते. तुमच्या अर्जात बॉयलर फुटला तर काय करावं याची अकरा कलमं असतात. वाचणारा आधीच पळतो.”

“आणि तू काय लिहिणार?”

“एकच ओळ. पहिल्या फेरीला मी बसणार आहे.”