पळी थांबली की गाणं पास

दौंड स्टेशनच्या मागच्या गल्लीत ताईबाईंचं हॉटेल आहे. पाटीवर 'कॉफी' एवढंच लिहिलंय. चहा मागणाऱ्याला ताईबाई हातानं समोरची टपरी दाखवतात. त्यांचे मालक खंडू रेल्वेच्या कँटीनमध्ये एका तमिळ आचाऱ्याच्या हाताखाली कॉफी शिकले आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हे हॉटेल टाकलं. जायफळ घातलेली कॉफी घशाला बरी, म्हणून जलशातले गायक येऊ लागले, त्यांच्यामागून भजनी मंडळवाले आणि आमच्यासारखे ढोलकीवाले. मला घशाची काळजी नव्हती, मी बसायला जायचो.

खंडू गेले, ताईबाई शेगडीपुढं उभ्या राहिल्या आणि इथला रिवाज पडला. नवं गाणं बांधलं की आधी ताईबाईंपुढं म्हणायचं. त्या पातेल्यात पळी फिरवत असतात. पळी थांबली की गाणं पास. फिरत राहिली तर मुकाट्यानं कॉफी प्यायची आणि घरी जायचं. भल्याभल्या शाहिरांना मी इथं तोंड पाडून बसलेलं पाहिलंय. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

यंदा मार्चमध्ये सम्राट आला. हा वडगाव रासाईचा, सणसवाडीच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून जलसा चालवतो, त्याला ढोलकीची साथ माझी. चौदा एप्रिलसाठी त्यानं आईवर गाणं बांधलं होतं. बाकावर मी एकटाच होतो. तो गायला आणि माझे डोळे भरले, मी मान खाली घातली. पळी मात्र फिरतच राहिली. सम्राटनं कागदाची घडी करून खिशात घातली.

"मामा, हे न्हाई घ्यायचं," बाहेर आल्यावर तो म्हणाला. मी समजावलं, पण तो बधला नाही.

पुढच्या आठवड्यात मी ताईबाईंशी भांडायलाच गेलो. त्या पाठमोऱ्या होत्या. दोनदा हाक मारली. मागं इंजिनानं भोंगा दिला, तरी त्यांची मान वळली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर जाऊन खुणेनंच विचारलं, कधीपासून?

"दोन वर्सं झाली, मल्हारी. बाकावरच्यांची तोंडं बघती आन् पळी थांबवती. त्या दिशी तुमी मान खाली घातलीवती. म्हनलं, पडलं गानं."

डोळे भरले म्हणून मी मान खाली घातली होती. हे सांगायची लाज वाटली, तरी ओठ ठळक हलवत सांगितलं.

ताईबाई खाली बसल्या. "ऐकू येत न्हाई म्हनलं, तर हितं कोन येईल गायला?" पळी उचलून त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलवा त्याला."

रविवारी बाकं भरलेली असताना सम्राट आला. ताईबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सम्राट, मला ऐकू येत न्हाई. तुजं गानं मी ऐकलंच न्हाई. दे, वाचती."

त्यानं घडीचा कागद काढून दिला. ताईबाई साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. डाव्या हातात कागद, उजव्यात पळी, आणि एकेक अक्षर मोठ्यानं.

अंगठ्याची शाई आईनं पदराला पुसली,
पाटी माझी घेऊन माझ्याच शेजारी बसली.

पळी थांबली. ताईबाईंनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. पातेल्यातलं दूध चढलं आणि शेगडीवर उतू गेलं. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. गॅस बारीक करायला कुणीच उठलं नाही.