परत येता आलं असतं तर

मंडळी, आज दुपारी इथून, बहारीनमधल्या माहूजहून, अमेरिकेतल्या भाच्यांना व्हिडिओ कॉल केला. थोरली अनघा तीन वर्षांची असताना आईबाबांसोबत तिथे गेली. व्हिसा संपला, तरी राहिली. अशा मुलांना हद्दपारीपासून असलेलं संरक्षण आता सरकार काढून घेतंय.

व्हिसाचे नियम स्वतः वाचून शिकलेला मी ऐटीत म्हणालो, "बाहेर पड, नवा व्हिसा घे, परत जा. खलास!"

अनघा म्हणाली, "मामा, हे गल्फ नाही. एकदा निघाले की वर्षानुवर्षं परत येता येत नाही."

धाकटी तिथेच जन्मलेली, नागरिक. ती उसळली, "या निवडणुकीत माझं पहिलं मत आहे. पाडणारच यांना!"

अनघा तिला जवळ घेत म्हणाली, "पाड गं. पण कोण जिंकलं ते मला भारतात फोन करून सांगशील ना?"

धाकटी रडायलाच लागली. तुम्ही काय म्हणाला असतात?