बैलाच्या शिंगावरची फुलांची पिशवी

विणलेल्या फुलांची पिशवी हातात घेऊन कल्याणातून मानपाड्याला पायी गेलेला मी पहिला पुरुष. या गोष्टीबद्दल अजून कुणी माझा सत्कार केलेला नाही.

आगगाडी कल्याणात येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्याबरोबर रेल्वेच्या बंगल्यांत साहेबलोकही राहायला आले होते. त्यांतल्या एका गार्डसाहेबाची मडम दर शनिवारी आमच्या आळीतल्या मुलींच्या शाळेत विणकाम शिकवायला येई. एक सुई, तिच्या टोकाला आकडी, आणि सुताचं रीळ. एवढ्या सामानावर ती बाई बोलता बोलता फूल उमलवायची. या प्रकाराला क्रोशा म्हणतात, असं आमच्या घरात सर्वांत आधी कळलं ते माझ्या बायकोला.

तिला ते शिकायचं होतं. आणि आमच्या घरात कुणाला काही हवं असलं, की मध्ये आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यावर घराचा कारभार तिच्याकडे आला. (मी कचेरीत कारकून होतो, त्यामुळे कारभार मला जमणार नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं.) मडमेला शिवून आलेल्या सुनेनं घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ करायची, असा आत्याचा हुकूम सुटला. तिला वाटलं, दोन शनिवारांत हौस फिटेल. पण आमची सून, म्हणजे माझी बायको, भर थंडीत परसदारी गार पाण्यानं न्हाऊन, दात वाजत असताना बोटांनी साखळ्या आणि खांब हे क्रोशाचे टाके घोकायची. मी उबदार बंडी घालून ओटीवरून बघायचो आणि मला तिचा इतका अभिमान वाटायचा, की कधी कधी मलाच शिंक यायची.

पावसाळ्यात मडमेनं तिला बाजाराची पिशवी विणायला सांगितलं. तोवर आमच्याकडे बाजार म्हणजे मी आणि माझा पंचा. भाजी पंच्यात बांधायची, गाठोडं काखेत मारायचं, आणि घरी येईपर्यंत अळूचं पाणी बगलेतून कमरेपर्यंत पोचायचं. तेव्हा पिशवीची कल्पना मला फारच आवडली. इतकी आवडली, की मी तिच्यात लक्ष घातलं.

तिचा बेत साधा होता. बूड आणि पोट घट्ट विणीचं, आणि वरच्या काठाला फुलांची एक ओळ. मी म्हटलं, एकच ओळ? एवढी कला अंगात असताना कंजूषपणा का? फुलं खालपर्यंत हवीत, सगळीकडे हवीत.

"फुलाच्या मधे मोकळी जागा असते," ती म्हणाली. "वजन पडलं की पिशवी ताणेल."

मी तिला समजावून सांगितलं, की सूत म्हणजे काही चिकणमाती नव्हे. कचेरीतले कागद आम्ही सुतानंच बांधतो, ते कधी ताणलेले मी पाहिले नाहीत. यावर ती काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे मान्य करणं, असं मी त्या काळी समजत असे.

पिशवी झाली. काय सुंदर झाली म्हणून सांगू! पांढऱ्याशुभ्र सुताची, पाच पाकळ्यांच्या फुलांनी गच्च भरलेली, एका फुलाची पाकळी शेजारच्या फुलात गुंतलेली, कुठे सांधा दिसेल तर शपथ. मी ती आळीत घरोघर दाखवली. आत्यानंही ती उलटीपालटी करून पाहिली. तिच्या तोंडून कौतुक निघतंय की काय असं वाटेपर्यंत ती म्हणाली, "जाळी छान आहे. यातून भाजी घरी येईल की वाटेत सांडेल?"

मी छातीवर हात मारून म्हटलं, कसलीही भाजी येईल.

"ठीक. ऋषिपंचमीची भाजी यातून घेऊन ये. सगळी आली, तर सूनबाई खुशाल मडमेकडे जाऊ दे. नाही आली, तर ती सुई मी विहिरीत टाकणार, आणि पुन्हा या घरात क्रोशाचं नाव काढायचं नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ असा, की आपण कशाला मध्ये बोललात.

ऋषिपंचमीचं व्रत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरल्या शेतातलं चालत नाही, बैलगाडीतून आलेलं चालत नाही. कल्याणच्या बाजारात तर झाडून सगळी भाजी गाडीतून यायची. म्हणून मानपाड्याला सोनीबाय नावाची एक आगरी बाई होती, ती घराभोवती कुदळीनं खणून अळू, पडवळ, भेंडी, मका, भोपळा असं सगळं लावायची, आणि दर वर्षी डोक्यावर पाटी घेऊन आत्याला आणून द्यायची. या वर्षी आत्यानं तिला निरोप धाडला, की येऊ नकोस, आमचा वामन येतो आहे.

पंचमीला उजाडता उजाडता मी निघालो. दारात बायकोनं पिशवी हातात दिली आणि हळूच बजावलं, "भाजी बेतानं घ्यायची. भोपळा मुळीच नको. फोड मिळाली तर बघावं."

मी मान डोलावली. माझी मान फार लवकर डोलते.

मानपाड्याला पोचलो तेव्हा सोनीबाय अंगणातच होती. तिनं भाजीआधी पिशवी पाहिली.

"आंगो, ही झोली कुनी इनली?"

"घरातून," मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं.

"कवरी फुला काढलीत गो!" असं म्हणून तिनं सुनांना हाक मारली, सुनांनी शेजारणींना. बघता बघता माझ्याभोवती बायकांचा घोळका जमला. पिशवी हातोहात फिरू लागली, फुलांवरून बोटं फिरू लागली, आणि मी अशा थाटात उभा राहिलो, जणू सुई माझ्याच हातात असते. इथेच घात झाला. प्रत्येकीला ती फुलं ताणली की कशी उमलतात ते बघायचं होतं, आणि त्यासाठी प्रत्येकीनं काहीतरी आत टाकलं. अळूच्या जुडीनं पाकळ्या किंचित उघडल्या. पडवळानं आणखी. कणसं पडली तशी फुलं चांगलीच फुलली आणि बायका खूश झाल्या. कुणी सुरणाचा कांदा टाकला, कुणी तवसं, म्हणजे जाडजूड काकडी, टाकलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण प्रत्येक भाजीबरोबर माझ्या बायकोची स्तुती होत होती, ती मध्येच थांबवणं मला जिवावर आलं.

शेवटी सोनीबाय घराच्या छपरावरून एक लालभडक भोपळा काढून आली. भोपळा कसला, लहानसा रांजण होता.

"आता यो भोपला पन घाला. बगू तरी, फुला दम काढतान का."

आता यात पिशवीच्या अब्रूचा प्रश्न आला. मी म्हटलं, घाला!

निघताना पिशवी माझ्या गुडघ्याशी होती. पहिल्या ओढ्यापाशी ती पोटरीला लागली. मी बंदांना गाठ मारली, तर जेवढी वर घेतली तेवढी ती पुन्हा खाली आली. त्यातच पावसाची बारीक झिमझिम सुरू झाली, सूत भिजलं, आणि भोपळा माझ्या घोट्याशी गप्पा मारू लागला. मी हात वर करून चालू लागलो. मग खांद्यावरून पाठीला सोडली, तर दर पावलाला भोपळा गुडघ्यामागे आपटून मला पुढे ढकलायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला घरी जायची फारच घाई आहे.

इतक्यात मागून रामा गाडीवान आला. रामा आमच्याच आळीच्या तोंडाशी राहायचा. त्याची रिकामी गाडी, त्याचा पांढरा बैल आणि तांबडा बैल सगळ्यांना माहीत होते. माझी दशा पाहून त्यानं गाडी थांबवली.

"बसा की, वामनराव."

"आज बैलाचं चालत नाही."

"कुणाला? तुम्हाला?"

"भाजीला."

रामानं जरा विचार केला. "मग तुम्ही बसा आन भाजीला चालवा."

मी तसाच पुढे चालत राहिलो. पुढच्या ओढ्यावर तो गाडी सोडून बैलांना पाणी पाजायला थांबला, तेव्हा मीही थांबलो. पिशवी एका करंजाच्या फांदीला अडकवली, आणि पायाचा चिखल धुवायला खाली उतरलो.

पाठ वळली तेवढ्यात पांढरा बैल तिथे पोचला. पिशवी लांबत लांबत बरोबर त्याच्या तोंडासमोर आली होती, आणि फुलांच्या मोकळ्या जागेतून कणसांची हिरवी पानं बाहेर डोकावत होती. त्यानं तोंड घातलं. पानं तोंडाला लागेनात, तशी मान तिरकी केली. त्याचं शिंग एका फुलाच्या बरोबर मध्ये शिरलं, त्यानं दचकून मान वर उचलली, फांदी कडाडली, आणि ती सगळी बाग त्याच्या मानेवर येऊन बसली. गळ्यात भोपळा आपटल्यावर जे कोणीही करील, तेच त्यानं केलं. तो घराकडे पळाला.

पुढे पांढरा बैल, त्याच्यामागे रामा, रामाच्या मागे मी, आणि माझ्यामागे सुटलेलं धोतर. मला पळताना एकच दिसत होतं, आत्या विहिरीवर उभी आहे आणि तिच्या हातात सुई आहे. सणाचा दिवस, त्यामुळे कल्याणात माणसंही रस्त्यावर भरपूर. घाटावरून आलेला एक व्यापारी कौतुकानं म्हणाला, पोळा होऊन गेला तरी अजून याची झूल उतरवली नाही वाटतं. आमचे कचेरीतले रावसाहेब देवळातून बाहेर पडत होते, त्यांनी आधी बैलाला वाट दिली, मग रामाला, आणि मग माझ्याकडे पाहून छत्री आडवी धरली.

बैल रामाच्या गोठ्यापाशी थांबेल अशी माझी आशा होती. पण तो तिथे थांबला नाही. त्याचं कारण आत्या. सकाळी कामाला जाताना तो आमच्या दारावरून जाई, आणि आत्या रोज त्याला भाकरीचा तुकडा देई. त्या दिवशी तिनं दिला नव्हता, कारण पंचमीला तिनं घरात भाकरीच केली नव्हती. तेव्हा बैल हक्कानं आमच्या दारात जाऊन उभा राहिला.

मी पोचलो तेव्हा सगळी आळी जमली होती. ओटीवर सोवळ्यात, सकाळपासून उपाशी असलेली आत्या, आणि तिच्यासमोर शिंगावर फुलं आणि गळ्यात भोपळा घेतलेला बैल. माझी बायको बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती शांतपणे पायऱ्या उतरली, रामाला बैलाची वेसण धरायला सांगितलं, आणि जशी सुईवरून साखळी उतरवावी तसं ते फूल शिंगावरून हलकेच फिरवत काढून घेतलं. मग पिशवी दोन्ही हातांत उचलून प्रत्येक फूल नजरेखालून घातलं.

"एक टाका सुटलेला नाही," ती म्हणाली.

आणि खरोखरच सुटला नव्हता! पिशवी नऊवारी लुगड्याइतकी लांब झाली होती, पण अळूचं एक पान बाहेर पडलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मी धोतर धरायचंसुद्धा विसरलो.

शेजारच्या काकू मात्र कुजबुजल्या, भाजी बैलानं आणली, आता ती व्रताला कशी चालेल? आत्या एकदा भोपळ्याकडे, एकदा बैलाकडे पाहत राहिली. बायकोनं पिशवी घट्ट धरली होती.

मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. चिखल, पाऊस, घाम, लागलेली धाप, सगळं नीट पाहिलं.

"बैलानं कसले कष्ट केले?" ती म्हणाली. "तो मजेत पळाला. कष्ट झालेत ते या वामनाचे, आणि याचे चालतात. सूनबाई, भाजी घे धुवायला. आणि शनिवारी मडमेकडे जा. आंघोळ मात्र चुकायची नाही."

संध्याकाळी बायको पुढची पिशवी विणायला बसली. या वेळी बूड घट्ट, आणि फुलांची एकच ओळ वर. मी विचारलं, एवढ्या ओझ्यानं तुटली कशी नाही? ती म्हणाली, सगळी पिशवी दुहेरी सुतानं विणली होती. फुलं आपल्या सांगण्याप्रमाणे काढली, पण सुताबद्दल आपण काही सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. उघड करायची सोय नव्हती, आत्या समोरच होती.

तरी दिवसभरात माझ्याही पदरात काहीतरी पडलं होतं, ते मी तिला सांगितलं. म्हटलं, बैलाच्या कष्टाचं चालत नाही, पण माझ्या कष्टाचं चालतं. म्हणजे मी बैल नाही, हे आत्यानं आज सगळ्या आळीसमोर कबूल केलं!

तिनं सुईवरून नजर न काढता एक खांब घातला, आणि म्हणाली, "आत्याबाईंना फार भूक लागली होती."