जुन्या सळीला नवा जोड

आमच्या धंद्यात कामापेक्षा थांबणं जास्त. सामानाचा डबा येईपर्यंत थांबा, भूल चढेपर्यंत थांबा, डॉक्टर 'दे' म्हणेपर्यंत थांबा. थांबलेल्या माणसाला चैन पडत नाही, मग तो बोलत सुटतो. किस्से साचतात ते असे.

मी यवतमाळात मणक्याच्या ऑपरेशनला लागणारे स्क्रू आणि सळ्या पुरवतो. माझा जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्यांदा येणाऱ्या पेशंटपायी. त्यांचे मणके आधीच सळीने जखडलेले असतात. काही वर्षांनी जखडलेल्या भागाच्या वरचा मणका कुरकुर करायला लागतो. मग जुनी सळी आत तशीच ठेवून तिला नवी जोडायची. दोन्ही सळ्यांना धरणारा जोड बसला नाही तर पाठ उघडी, आणि मी कोपऱ्यात हात चोळत उभा.

*

एकदा नागपूरहून बसने निघालेला स्क्रू-सळ्यांचा डबा यवतमाळला उतरवायचाच राहिला आणि थेट पुसदला पोचला. डॉक्टरांचा फोन आला, "अरे, माझा पेशंट सकाळपासून उपाशी, आणि तुझा डबा पुसदला पाहुणचाराला?"

मी मोटारसायकल काढली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तोवर घास माझ्याही घशाखाली उतरला नाही.

*

जुनी सळी कोणत्या कंपनीची, हे आधी कळलेलं बरं असतं; दर कंपनीचे स्क्रू फिरवायला पाना वेगळा लागतो. म्हणून बाभुळगावच्या एका काकांना मी विचारलं, "काका, मागच्या वेळी आत काय बसवलं होतं?"

"बापू, मी पालथा होतो. वरून भूल देलती. ज्यानं बसवलं त्याले विचार."

"ते डॉक्टर आता हयात नाहीत."

"मंग जो झोपून होता त्याले काहून विचारून राह्यला?"

*

तेव्हापासून मी मिळतील तेवढ्या कंपन्यांचे पाने जवळ ठेवतो. थिएटरच्या सिस्टर ते निर्जंतुक करायला घेताना दर वेळी कुरकुरतात. परवा म्हणाल्या, "भाऊ, माझ्याकडं इतक्या चाव्या असत्या तर मी नोकरी कायले केली असती?"

*

आणि आर्णीचे देवराव. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. पहिलं ऑपरेशन नोकरीत असतानाच झालेलं. आता पाय बधिर व्हायला लागले होते. चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही.

डॉक्टरांना त्यांनी एकच सांगितलं, "सायेब, शर्यत नाही पळायची मले. संडासले आपल्या पायानं गेलो पाहिजे, कोणाच्या खांद्यावर नाही."

मग माझ्याकडे वळले. "जुन्याले नवं जोडून राह्यले ना तुमी? गाडीचं असं काम पायलं मी. तुटते ते जोडातच तुटते."

"नाही तुटणार," मी म्हणालो. म्हणालो खरा, आणि त्यांचा एक्स-रे पुन्हा उजेडात धरला.

एक्स-रेत सळी असते त्यापेक्षा जाड दिसते, हे मला माहीत होतं. म्हणून मी मोजमापातून थोडं कमी करून जोड आणला. मनात धाकधूक होतीच, म्हणून त्याहून लहानही पिशवीत टाकला. पाठ उघडल्यावर डॉक्टरांनी पहिला जोड सळीवर घातला. ढिला. त्यांनी तो काढून परत हात पुढे केला. लहान दिला, तो बसला. पाना 'टक्' वाजला, म्हणजे पक्का आवळला.

देवराव चालायला लागले. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. स्क्रीनवर नाव दिसलं की मला वाटायचं, जोड सुटला! ते म्हणायचे, "काही नाही, उगाच केला. गाडी चालू हाय." आणि पुढचा तासभर मला काही सुधरायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात फोन आला तो त्यांच्या मुलाचा. वडील झोपेतच गेले होते. आदल्या दिवशीपर्यंत आपल्या पायाने सगळं करत होते.

राख सावडल्यावर दोन दिवसांनी तो माझ्या ऑफिसात आला. टेबलावर रुमाल ठेवून उघडला. आत सळ्या आणि स्क्रू होते, काळे पडलेले, पण घासून धुतलेले. जुनी सळी आणि नवी सळी अजून एकमेकींना धरून होत्या.

मी उचलून जोड हलवून पाहिला. हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही.

"बाबा सांगून गेले होते," तो म्हणाला. "गाडी भंगारात गेली तरी चांगला पार्ट काढून दुसऱ्या गाडीले लावतेत म्हणे. पाहा, कोणाले बसते काय."

असं कोणाला बसवता येत नाही. मी रुमाल जवळ ओढला आणि म्हणालो, "पाहतो."