कॅमेऱ्याचा हलका स्टँड

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात काकांनी फोटोवाला बोलावला होता. अंगणात जाजम पडले, खुर्च्या मांडल्या गेल्या आणि काकांनी एकेकाला हाक मारून जागा दिली. व्याह्यांच्या कारकुनालासुद्धा जागा मिळाली. माझी सख्खी मोठी बहीण तेव्हा आत चुलीपाशी होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. बाराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली, तेव्हापासून त्या घरची चूल तिच्याच गळ्यात होती. आईवडील गेल्यावर मला तिनेच वाढवले.

"काका, अक्काला बोलावतो," मी म्हणालो.

"शुभकार्याचा फोटो आहे," काका फोटोवाल्याकडे बघत म्हणाले. "तू नीट उभा राहा."

तो फोटो अजून त्यांच्या ओसरीत आहे. त्यात ज्यांचे चेहरे समाधानी दिसतात, ते सगळे अक्काच्या हातचे जेवून उठलेले होते.

पुढे अक्काला खोकला लागला आणि ताप उतरेना. मुलांना संसर्ग नको म्हणून तिचे अंथरूण माडीवर हलवले. दोन्ही फुफ्फुसे गेली आहेत, असे डॉक्टरांनी मला जिन्यात सांगितले. त्या क्षणी पहिल्यांदा ध्यानात आले की या बाईचे एकही चित्र कुठे नाही. ती गेली की तिचा चेहरा माझ्या आठवणीपुरता उरणार, आणि माझ्या आठवणीवर माझा भरवसा नव्हता.

गावातल्या फोटोवाल्याने माडी पाहिली आणि मान हलवली. त्याच्या कॅमेऱ्याचे धूड त्या जिन्यातून वर जाणार नव्हते. तो म्हणाला, "बाईंना अंगणात आणा." काकांनी ते होऊ दिले नाही. आजाऱ्याचा फोटो काढला की आयुष्य तुटते, असे त्यांचे म्हणणे. तिचे आयुष्य कधी आणि कुणी तोडले, हे माझ्या ओठांवर आले होते.

शेवटी मी शिकवत असे त्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी त्यांचा घडीचा कॅमेरा मला दिला. ते म्हणाले, "माडीवर उजेड कमी. भिंग चार-पाच सेकंद उघडे ठेवावे लागेल. हातात धरून जमायचे नाही, स्टँड हवा." त्यांचा स्वतःचा स्टँड सागवानी होता, खाटेच्या पायांसारखा. मला तर ओसरीत बसलेल्या काकांसमोरून, पिशवीत घालून नेता येईल असा हवा होता.

नाशकात तसा मिळेना, म्हणून देवळाली कॅम्पात गेलो. विलायतेला परतणाऱ्या साहेबांच्या वस्तू तिथे एका दुकानात विकायला असत. दुकानदाराने आधी लाकडी स्टँड पुढे केला. तो माझ्या पगारात बसणारा नव्हता, आणि हे त्याच्या लक्षात आले असावे. मग त्याने कपाटातून एक पितळी स्टँड काढला. त्याचे पाय दुर्बिणीसारखे एकात एक सरकत. मिटला की हातभरसुद्धा राहत नसे.

"हे मडमांचं खेळणं आहे, मास्तर. उभा राहील, पण थरथरेल. घ्यायचाच आहे तर चांगला घ्या."

"मला अरुंद जिन्यातून माडीवर न्यायचा आहे. माणूस आजारी आहे."

"मग माणूसच खाली आणा की," तो हसून म्हणाला.

मी स्टँडचे पाय उघडून पाहिले, एका पायाची कळ सैल होती ती त्याला दाखवली, आणि तो स्टँड घेतला. टांग्यात बसल्यावरही माझे कान तापलेले होते.

अक्काने तो उघडून पाहिला. "एवढासाच? तुळशीच्या लग्नातला ऊस याहून जाड असतो." तिने बोटाने ढोसला. "हलतोय रे. खाली वजन बांध. जा, वरवंटा आण. काकूंनी विचारलं तर काढ्यासाठी सुंठ कुटायचीय म्हण."

सुतळीने वरवंटा मध्ये टांगला आणि खरेच, थरथर थांबली.

रविवारी सकाळी वर गेलो तर माडीची मातीची जमीन ओली होती. तापात उठून तिने ती शेणाने सारवली होती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"फोटो काढायचा आणि जमीन उकरलेली? काहीतरीच."

भिंग उघडले आणि वरवंट्याच्या वजनाने स्टँडचे टोकदार पाय ओल्या सारवणात रुतले. कॅमेरा कलला. तो फोटो धुतल्यावर त्यात खिडकीचा एक पांढरा ओरखडा तेवढा होता. कॅमेरा कलताच मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "चिडलास की थेट आईसारखा दिसतोस."

जमीन वाळेपर्यंत थांबलो. मग ती खिडकीपाशी पाटावर बसली. मी म्हणालो, "पदर नीट कर." तिने डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. आजारात न्हावी आला नव्हता, तरी केस नखाएवढेच वाढले होते.

"अक्का, पदर."

"राहू दे. महिन्याच्या महिन्याला न्हाव्यापुढे बसवताना कुणाला लाज वाटली नाही. मी आहे तशी काढ."

भिंग मिटेपर्यंत ती हलली नाही. खोकली ती नंतर.

चैत्रात ती गेली. दहाव्याला गंगेवर, गोदेच्या घाटावर, कावळा पिंडाला लगेच शिवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणाले, "काही इच्छा राहिली नव्हती तिची." मी पाण्याकडे बघत उभा होतो. त्यांच्याकडे पाहिले असते तर घाटावर तमाशा झाला असता.

तेराव्याला त्यांनी मला बाजूला बोलावले. "फोटो आहे म्हणे तुझ्याकडे." मी दिला. त्यांनी तो पाहिला आणि चौरंगावर पालथा ठेवला.

"डोकं उघडं आहे."

"हो."

"रंगवणारा आहे ना मेन रोडवर, तो डोक्यावर पदर रंगवून देईल. मग ओसरीत लावू. लोक विचारतात, तिचा एखादा फोटो नाही का म्हणून."

"पदर तिनेच काढला होता, काका."

"आजारात बायकांना भान नसतं."

"तिला होतं. फोटो रंगवायचा नाही."

"मग माझ्या घरात लागायचा नाही."

मी फोटो उचलला. काका पत्रावळी कमी पडतील का हे विचारायला आत वळले.

आता मी पंचवटीत एका खोलीत राहतो. फोटो दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा आधी तिच्या डोक्याकडे बघतो, मग माझ्याकडे. बरेच जण नजर वळवतात. घरमालकांनी एकदा सुचवले की तो आतल्या बाजूला लावावा, बायकामाणसे येतात. मी त्यांना म्हणालो, बायकामाणसांनी तर तो जरूर पाहावा.